सावड फेडायची राहिली

कुंपणापलीकडच्या गूजबेरी पिकायला लागल्या की माझी लपाछपी सुरू होते. जून संपत आलेला असतो, मिल्टन कीन्सच्या आमच्या गल्लीत आइस्क्रीमवाल्याची व्हॅन तीच ती ट्यून वाजवत फिरत असते, आणि शेजारच्या मॉरीनच्या झुडपावर ती हिरवट, रेघारेघांची, आवळ्याची धाकटी बहीण शोभावी अशी फळं फुगत असतात. मी किचनच्या खिडकीतून बघते आणि पडदा ओढून घेते. गेली आठ वर्षं हेच चाललंय. तीन दुकानांची मालकीण मी, आणि एका काटेरी झुडपाला घाबरते! आमचे हे म्हणतात, ‘‘सुनंदा, व्हॅटच्या माणसाला तू अशी घाबरत नाहीस.’’

यंदा मात्र पडदा ओढून भागायचं नव्हतं. मॉरीनच्या घरापुढे ‘विकलं’ अशी पाटी लागली आहे. वय झालं, गुडघे गेले, जिना चढवत नाही, म्हणून जुलैअखेरीला ती डेव्हनला मुलीकडे चालली आहे, कायमची. आणि माझ्याकडे तिची एक सावड राहिली आहे.

सावड म्हणजे काय ते तासगावाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. पैशाचा संबंध नाही. जेवढे दिवस ती आली तेवढे दिवस आपण जायचं, की सावड फिटली. उन्हाळ्यात पापडांचंही तसंच असायचं. आज आमच्याकडे पापड म्हटलं की गल्लीतल्या सगळ्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं काखोटीला मारून यायच्या. यजमानिणीकडून मिळायचा फक्त चहा, आणि उडदाच्या कच्च्या लाट्या तेलात बुडवून खायला. पोळपाट-लाटणं जिचं तिनं आणायचं, हा नियम. विसरून आलेलीला बायका हसून हसून बेजार करायच्या.

ही सावड चढली तो उन्हाळा इथला, आठ वर्षांपूर्वीचा. असं ऊन मी या देशात त्याआधी पाहिलं नव्हतं. आठवडेच्या आठवडे पाऊस नाही. हिरवळ वाळून चक्क पिवळी पडली, रेडवेवरून, म्हणजे इथल्या लाल पायवाटांवरून, चालताना गवत पायाखाली कुरकुरायचं, आणि मला उगाचच आमच्या माळावरून चालल्यासारखं वाटायचं. आमच्या ह्यांचा कॉन्ट्रॅक्ट एप्रिलमध्ये संपला होता आणि नवा मिळत नव्हता. लॅपटॉपपुढे बसून ते दिवसभर अर्ज पाठवायचे आणि संध्याकाळी गार्डनला पाणी घालताना एक अक्षर बोलायचे नाहीत. मी सुपरमार्केटमध्ये टिलवर, म्हणजे बिलाच्या काउंटरवर होते, अर्धवेळ. आमच्या मुलीची, ईशाची शाळा ऐन मोक्याच्या वर्षात. सप्टेंबरपर्यंत काही जमलं नाही तर गाशा गुंडाळायचा, असं आम्ही ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे दोघांनी मनात धरलं होतं, बोललं कुणीच नव्हतं.

अशात मराठी मंडळाच्या गणपतीत मला विक्रीचं एक टेबल मिळालं. मागच्या वर्षी मी नेलेल्या उडदाच्या पापडांवर लोकांच्या उड्या पडल्या होत्या, म्हणून या वर्षी वीस किलोची ऑर्डर आगाऊच झाली. मी हौसेनं हो म्हणून बसले. मग घरी येऊन हिशेब केला की एक किलो पापड एकटीनं लाटायला किती वेळ लागतो, आणि डोळे पांढरे झाले.

मी बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं : ‘शनिवारपासून आमच्याकडे पापड. पोळपाट-लाटणं घेऊन या.’ चौदा जणींनी अंगठे दाखवले. तिघींनी हृदयं. शनिवारी कुणीही आलं नाही. कुणाची ऑन-कॉल ड्यूटी, कुणाच्या पोराचं स्विमिंग, कुणी इल्फर्डला नणंदेकडे. त्यांचा दोष नाही हो. इथं प्रत्येकीचा शनिवार आधीच कुणीतरी घेऊन टाकलेला असतो. पण मी बागेत, पीठ कुटत, एकटी, आणि तोंडानं अस्सल तासगावी भाषेत सगळ्यांचा उद्धार चाललेला.

‘‘कुणाशी बोलतेस?’’ कुंपणावरून पांढऱ्या केसांचं डोकं वर आलं. शेजारची मॉरीन. तोवर आमची ओळख ‘छान हवा आहे’ आणि ‘कचऱ्याची गाडी उद्या आहे’ एवढीच. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत. पण इतक्या वर्षांत ते माझ्या डोक्यात मराठीतच मुरलंय, म्हणून मराठीतच सांगते. मी तिला सगळं सांगितलं, सावडीसकट. रागाच्या भरात माणूस फार सविस्तर सांगतो. ती ऐकून घेऊन आत गेली. मला वाटलं, कंटाळली बिचारी. दहा मिनिटांनी दारावर टकटक. मॉरीन उभी, एप्रन बांधलेला, काखोटीला एक लाकडी पाट आणि हातात जाडजूड लाटणं. ‘‘राइट देन,’’ ती म्हणाली, ‘‘कुठं बसू?’’

अगं बाई, मला रडूच आलं. पिठाचे हात, डोळे पुसता येईनात.

तिचा पहिला पापड म्हणजे भाकरी होता. दुसरा आफ्रिका खंडाचा नकाशा. पण बाई तीस वर्षं शाळेच्या किचनमध्ये राबलेली. तिसऱ्या दिवशी तिचे पापड माझ्यापेक्षा गोल. कच्ची लाटी मात्र तिला शेवटपर्यंत आवडली नाही. ‘‘वॉलपेपरची खळ,’’ असं म्हणून चहा प्यायची.

मी पहिले पापड ईशाच्या जुन्या ट्रॅम्पोलिनवर धुतलेलं धोतर पसरून वाळत घातले होते. काय मस्त सोय! खालून वारा, वरून ऊन. मॉरीननं ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. ‘‘विकायचेत ना? कबुतरं आहेत वरती. कौन्सिलचा माणूस हे बघेल तर तुझा धंदा सुरू व्हायच्या आत बंद.’’ ते पापड आम्हीच खाल्ले, पुढे वर्षभर. तिच्या घरामागे काचेची खोली होती, कॉन्झर्वेटरी म्हणतात ती. उन्हाळ्यात तिथं पाच मिनिटं बसवत नाही. मॉरीननं मांजर बहिणीकडे पाठवलं, वेताच्या खुर्च्या बाहेर काढल्या, फरशी तीनदा धुतली, जाळीचे पडदे लावले आणि माझ्याबरोबर बसून कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा फॉर्म भरला, जागा म्हणून तिचंच घर लिहून. तपासायला आलेल्या माणसाला मी सवयीनं चिवड्याची बशी पुढे केली. तो लाल झाला, ‘मला घेता येत नाही’ म्हणाला, आणि मी आपली ‘थोडा तरी, थोडा तरी’ करत मागे लागलेली. शेवटी मॉरीननं माझ्या हातातून बशी काढून घेतली. ‘‘लव्ह, त्याला वाटेल तू लाच देतेस.’’

हिंगाचा वास तर विचारू नका. बंद खोली, तसलं ऊन आणि त्यात हिंग. चौथ्या दिवशी पलीकडच्या घरातल्यांनी गॅस गळतोय म्हणून फोन केला. गॅसवाला आला, यंत्र घेऊन सगळीकडे फिरला. ‘‘मशीनला काही सापडत नाही,’’ तो गोंधळून म्हणाला, ‘‘पण नाकाला सापडतंय.’’ मॉरीननं त्याला खुर्चीवर बसवून भाजलेला पापड दिला. त्यानं तीन खाल्ले. आमचं पहिलं गिऱ्हाईक तोच, एक पाकीट घेऊन गेला.

अकरा दिवस आम्ही लाटत होतो. पहाटे पावणेपाचला उजाडायचं, पाचला मी कुंपणाच्या पडक्या फळीतून तिच्याकडे. वादळात पडलेली ती फळी आम्ही दोघींनी कधी बसवून घेतलीच नाही. ऊन तापायच्या आत बरंचसं काम उरकायचं. लाटणी एका लयीत चालायची आणि मधूनमधून गप्पा. नवऱ्याबद्दल ती फार बोलायची नाही. बागेबद्दल बोलायची, म्हणजे नवऱ्याबद्दलच. गूजबेरी त्यानं लावली होती. तो गेल्यापासून जॅम करायला ती एकटीच. ‘‘एकेका फळाचं देठ छोट्या चाकूनं खुडायचं आणि दुसऱ्या टोकाची वाळकी शेंडी खुडायची,’’ ती म्हणाली. ‘‘शेकडो फळं. तो होता तेव्हा क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत व्हायचं. आता कंटाळा येतो.’’

शेवटच्या दिवशी, शेवटची लाटी उरली असताना, तिनं विचारलं, ‘‘मग तुझी ती सावड. अकरा दिवस नकोत, एक पुरे. माझा दिवस कधी?’’

‘‘गूजबेरी पिकल्या की!’’ मी म्हणाले. किती सहज म्हणाले! तोंडातून शब्द जायला कितीसा वेळ लागतो?

दोन आठवड्यांनी गूजबेरी पिकल्या. त्याच आठवड्यात आमच्या लोकल सेंटरमधला, चिप्सवाला आणि न्हावी यांच्या मधला गाळा रिकामा झाला. ऑर्डरचे पापड कपाटात तयार, मंडळातल्या बायका आता मसाल्याचं विचारायला लागलेल्या. आमचे हे एका संध्याकाळी पाण्याची नळी बंद करून म्हणाले, ‘‘बघूया का करून?’’ कित्येक दिवसांनी त्यांनी पुरं वाक्य उच्चारलं होतं. मी बघूया म्हणाले. मग रंग, शेल्फ, लायसन्स, लेबलं. मॉरीनकडे मी निरोप पाठवला : या वर्षी जमत नाही गं, पुढच्या वर्षी नक्की. आणि वर चॉकलेटचा भलामोठा डबा.

पुढच्या वर्षी गोडा मसाला भाजायला मोठी कढई आली. त्याच्या पुढच्या वर्षी इल्फर्डचं दुकान. तिथले जुने दुकानदार आम्हाला हसले होते, ‘मेतकूट? हे कोण घेणार?’ मग ते वर्ष आलं, ज्यात कुणी कुणाच्या घरात जाऊ शकत नव्हतं. मी तिचं सामान तिच्या पायरीवर ठेवून फुटपाथवरून हात हलवायचे. तेवढं एक वर्ष माझं कारण खरं होतं. बाकी सगळी नुसती कारणं. दर जुलैला मी तिला काहीतरी पाठवायचे, दर वर्षी आधीपेक्षा महागातलं. शाल, टीसेट, एकदा तर मोठ्या दुकानातली परडी, रिबीन बांधलेली. ती मनापासून थँक्यू म्हणायची. आणि मग म्हणायची, ‘‘गूजबेरी मात्र झाडावर आहेत हं.’’

दुकान चाललं, ते माझ्या हुशारीनं असं लोक म्हणतात. सत्काराला बोलावतात, शाल-नारळ देतात, मी लाजल्यासारखं करते. खरं सांगू? निम्मी हुशारी कुंपणापलीकडची. शंभर ग्रॅमची पाकिटं तिचीच कल्पना. ‘‘मुलं शेअरिंगमध्ये राहतात,’’ ती म्हणाली होती, ‘‘एकेकाला किचनमध्ये एक कप्पा. किलोचा मसाला ठेवतील कुठं?’’ आज मँचेस्टरच्या दुकानात तीच पाकिटं सगळ्यात जास्त जातात. नागपूरचं एखादं पोर येतं, भाजणीचं इवलंसं पाकीट हातात घेतं आणि नुसतंच हुंगत उभं राहतं. आम्ही त्याला हुंगू देतो. मेतकुटाच्या पाकिटावर ‘बटर लावलेल्या टोस्टवर घालून पाहा’ असं छापलंय, तेही मॉरीनमुळेच. तिनं पहिल्यांदा मेतकूट तसंच खाल्लं. माझ्या आईनं हे बघितलं असतं तर काय म्हणाली असती कोण जाणे, पण आता मीही तसंच खाते. चांगलं लागतं.

मी समाधानी आहे. हे सांगायला मला लाज वाटत नाही. सकाळी शटर वर जाताना होणारा आवाज मला अजून आवडतो. पापड आता सांगलीच्या बायका लाटतात, ते कंटेनरनं येतात, गोल, एकसारखे. आमच्या ह्यांनी पुन्हा नोकरीचा अर्ज केला नाही. इल्फर्डच्या काउंटरवर ते गिऱ्हाइकांशी इतकं बोलतात की रांग लागते. सगळं जिथल्या तिथं आहे. फक्त जून संपत आला की तो पडदा.

पाटी लागली त्या रविवारी मी गेलेच. पण कशी गेले ते ऐका. दुकानातल्या दोन मुली बरोबर घेतल्या, निळे हातमोजे, तीन मोठी पातेली. मनात गणित : चौघी मिळून दीड तासात फत्ते, अकराला पुरवठादाराशी कॉल. आठ वर्षं उशीर केला आणि आता दीड तासात उरकायला निघाले!

मॉरीननं दार उघडलं. मुलींकडे पाहिलं, हातमोज्यांकडे पाहिलं. ‘‘किती गोड मुली,’’ म्हणाली. त्यांना चहा दिला, शॉर्टब्रेडची बिस्किटं दिली, कुठल्या गावच्या, आई काय करते, सगळं विचारलं आणि गोड बोलून परत पाठवलं. मग माझ्याकडे वळली. ‘‘मी त्या वेळी माझ्या जागी दोन मुली पाठवल्या होत्या का?’’

मी मान खाली घातली.

‘‘फोन,’’ ती म्हणाली आणि हात पुढे केला. माझा फोन तिनं ब्रेडच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. ‘‘आता चाकू काढ.’’

चाकू! तीन पातेली आणली होती, चाकू नव्हता. तासगावच्या सगळ्या बायका एकदम हसल्याचं मला ऐकू आलं. मॉरीनही हसली आणि तिच्या ड्रॉवरमधला एक छोटा, बोथट झालेला चाकू माझ्या हातात दिला. ‘‘त्याचा आहे,’’ नवऱ्याचं नाव न घेता म्हणाली.

मी झुडपाकडे निघाले, तर म्हणते, ‘‘तिकडे नको. ती यंदाची फळं घर घेणाऱ्या बाईला सांगून ठेवली आहेत. तू माझ्याबरोबर गॅरेजमध्ये चल.’’ तिथं तिचा जुना फ्रीझर घुमत होता. झाकण उघडलं. सगळ्यात तळाशी, वाटाण्यांच्या खाली, आठ पिशव्या. प्रत्येकीत गूजबेरी, देठासकट, शेंडीसकट. प्रत्येकीवर मार्करनं वर्ष आणि खाली माझं नाव. दर वर्षी सगळ्या फळांचा जॅम ती एकटीनं करायची आणि एक पिशवी बाजूला ठेवायची.

‘‘तू येशील म्हणाली होतीस ना,’’ ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं.

‘‘आठ वर्षांची?’’ मी पहिली पिशवी उचलली. ती दगड झाली होती.

‘‘चव जाईल थोडी, जीव जाणार नाही. माझ्याकडे शाळेच्या किचनचं सर्टिफिकेट आहे.’’

कॉन्झर्वेटरीत आम्ही बसलो, त्याच जागी. बाहेर तसंच ऊन. पुढ्यात बर्फाळ फळांचा ढीग, बोटं बधिर झालेली आणि कपाळावर घाम. देठ, शेंडी, टप. देठ, शेंडी, टप. पहिला अर्धा तास मी मनातून त्या कॉलवरच होते. मग कधीतरी हातांना लय सापडली. तिनं रेडिओवर क्रिकेट लावलं. तिला क्रिकेटमधलं काही कळत नाही, मलाही फारसं नाही. मी तिला म्हणाले, ‘‘मॉरीन, मला फार लाज वाटते.’’ ती म्हणाली, ‘‘वाटू दे, पण शेंडी नीट काढ, जॅममध्ये दाताखाली येते.’’ दुपारी आम्ही मेतकूट-टोस्ट खाल्ला. कॉन्झर्वेटरीच्या कोपऱ्यात, दाराच्या चौकटीपाशी, मला हिंगाचा अगदी पुसटसा वास आला. ती म्हणाली, भास आहे. मी म्हणाले, नाही. ती वाकून हुंगून आली आणि म्हणाली, ‘‘नव्या बाईला सांगायला हवं, नाहीतर गॅसवाल्याला बोलावील.’’ त्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की तिनं गुडघा धरला.

सात पिशव्या झाल्या तेव्हा उन्हं कलली होती. स्टोव्हवर पहिलं पातेलं रटरटत होतं. हिरवी फळं शिजता शिजता गुलाबी होतात, हे मला ठाऊक नव्हतं. आठ वर्षं शेजारी राहून ठाऊक नव्हतं. मी आठवी पिशवी ओढली, गेल्या वर्षीची, आणि गाठ सोडायला लागले. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

‘‘ही राहू दे.’’

‘‘अगं, एवढी एकच उरली. सावड फिटू दे की.’’

‘‘फिटली तर तू डेव्हनला कशाला येशील?’’ ती म्हणाली. तिनं पिशवी माझ्या हातातून काढून घेतली आणि मार्कर शोधून जुनं वर्ष खोडून पुढचं वर्ष घातलं. माझं नाव तसंच ठेवलं. मग गॅरेजमध्ये जाऊन ती परत फ्रीझरात टाकून आली. सामानाच्या व्हॅनमध्ये ती पिशवी तिच्या शेजारच्या सीटवर, आइसबॉक्समधून जाणार आहे म्हणे.

निघताना तिनं ब्रेडच्या डब्यातून फोन काढून दिला. चौदा मिस्ड कॉल. दुसऱ्या हातात जॅमची गरम बाटली, फडक्यात गुंडाळलेली. मी पडक्या फळीतून आत शिरणार, तेवढ्यात मागून हाक आली.

‘‘सुनंदा!’’ ती दारात एप्रनला हात पुसत उभी होती. ‘‘तिथं येशील तेव्हा चाकू तुझा आण.’’